'इताझुरा ना किस': लेखिका गेल्यावर गोष्ट पूर्ण करावी का?

गवती_चहा

सरळ मुद्द्यावर येते. काओरू तादा यांची 'इताझुरा ना किस' ही शोजो मांगा, म्हणजे मुलींच्या मासिकात येणारी जपानी चित्रकथा, १९९० साली 'बेस्सात्सु मार्गारेट'मध्ये सुरू झाली. मार्च १९९९ मध्ये तादा गेल्या. घर बदलायच्या धांदलीत डोक्याला मार बसला आणि मेंदूत रक्तस्राव झाला. वय ३८. तोवरच्या मजकुराचे २३ खंड निघाले, पण गोष्ट संपलेली नव्हती.

२००८ साली टीएमएस या स्टुडिओने त्यावर २५ भागांची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, काढली आणि ती मात्र शेवटापर्यंत नेली. शेवट काय करायचा हे तादांनी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, त्या आधाराने.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कोतोको आइहारा ही शाळेतल्या सगळ्यात ढ तुकडीतली, 'एफ'मधली. नाओकी इरिए हा 'ए'मधला, बुद्ध्यांक २०० वगैरे. ती धीर करून त्याला पत्र देते. तो "नको" म्हणून चालायला लागतो. मग तिचं नवंकोरं घर एका किरकोळ भूकंपात भुईसपाट होतं आणि वडिलांचे जुने मित्र बापलेकीला आपल्या घरी राहायला बोलावतात. त्या मित्राचं आडनाव इरिए. पुढचं ओळखा.

माझं मत असं की अ‍ॅनिमेतला शेवट तादांचा नाही. कल्पना त्यांची असेल. पण ही बाई एखाद्या फालतू प्रसंगात पानभर हसवायची आणि शेवटच्या चौकटीत घशाशी आवंढा आणायची. ते कोणाला तोंडी सांगून ठेवता येत नाही. मांगा जिथे थांबली तिथे मी थांबले असते तर बरं झालं असतं असं वाटतं. तुमचं काय मत?

हिरवी_मिरची

शेवट राहू दे बाजूला. आधी त्या नाओकीच्या कोणीतरी दोन कानाखाली वाजवा.

पदवीदान समारंभाच्या पार्टीत ती त्याचा लहानपणचा फोटो काढून चिडवते, तर हा तिला भिंतीशी गाठून चुंबन घेतो आणि वर "कशी जिरवली" असं म्हणून जातो. मालिकेच्या नावातलं 'किस' म्हणजे हे. सूड! आणि तमाम मुली उशी कवटाळून "अय्या" करतायत. माझ्या धाकट्या बहिणीने हा प्रसंग मागे-पुढे करून इतक्यांदा पाहिलाय की मला आता आवाजावरून कळतं कुठे आलंय ते.

तळ्यात_मळ्यात

रुमाल टाकून ठेवतो. हा धागा रंगणार.

चंद्रकोर

मिरची, पदवीदान नाही गं, शाळेचा निरोप समारंभ. बाकी चालू दे :)

नाओकीच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं, म्हणून मी. त्याला वाईट म्हणण्यापेक्षा कोरडा म्हण. पुस्तक एकदा वाचलं की पाठ, खेळ एकदा पाहिला की जमला. ज्याला आयुष्यात काही हवंसंच वाटलेलं नाही असा मुलगा आहे तो. वडिलांची खेळण्यांची कंपनी आहे, ती चालवायची की नाही हेही त्याला कळत नाही. हे सगळं त्याच्या शेजारच्या खोलीतली, शंभरदा आपटून पुन्हा उठणारी मुलगी बदलते. डॉक्टर व्हायचं त्याच्या डोक्यात येतं त्यालासुद्धा तीच कारण आहे.

आणि केइता कामोगारी आठव. कोतोको नर्सिंग शिकत असताना तो वर्गमित्र तिच्या बाजूने उभा राहतो, नाओकीला तोंडावर सुनावतो की तू हिला असं का वागवतोस. लग्न होऊन गेलंय आणि तेव्हा या महाशयांना पहिल्यांदा समजतं की आपल्या पोटात जे दुखतंय त्याला मत्सर म्हणतात. तो भाग पाहून मी त्याला बरंच माफ केलं.

हिरवी_मिरची

निरोप समारंभ तर निरोप समारंभ, सूड तो सूडच.

"त्याला कळत नाही हो, बाकी मनाने चांगला आहे." हे वाक्य मी आमच्या नात्यातल्या तीन काकांबद्दल ऐकलंय. तिघांच्याही बायकांना विचार एकदा.

रानमेवा

तुम्ही दोघी भांडा. मला या गोष्टीत नवरा नकोच आहे, मला सासू हवीये.

नोरिको इरिए! मुलगी हवी होती म्हणून थोरल्या मुलाला लहानपणी फ्रॉक घालून वाढवणारी बाई (तोच तो फोटो). कोतोको घरात आल्या दिवसापासून "हीच माझी सून" असं ठरवून मोकळी. कॅमेरा घेऊन पडद्यामागे, झुडपामागे, दाराआड लपून दोघांचे फोटो काढते. लग्नाला पोरगा हो म्हणायचा अवकाश, त्याला विचार बदलायला सवड मिळू नये म्हणून ही बया घाईघाईने सगळा बार उडवून देते.

आपल्या मालिकांत सासू सुनेच्या दुधात काहीतरी कालवत असते. इथे सासू सुनेसाठी स्वतःच्या पोटच्या पोराविरुद्ध कट करते. मला तर वाटतं गोष्टीतली खरी प्रेमकहाणी या दोघींचीच.

गवती_चहा

रानमेवा, दणदणीत अनुमोदन. नोरिको नसती तर हे लग्न २३ खंडांतही झालं नसतं.

पण मंडळी, प्रश्न शेवटाचा होता हो...

आजोबा_ऑनलाइन

मी हे काही पाहिलेले नाही व पाहीन असेही वाटत नाही. बुद्ध्यांक २०० असलेल्या मुलाला शेजारच्या खोलीतील मुलीचे मन कळायला इतकी वर्षे लागत असतील तर तो बुद्ध्यांक पुन्हा मोजून घ्यावा.

परंतु मूळ प्रश्न रास्त आहे. माझी नात 'शिनचॅन' बघते. तिच्याबरोबर मीही बघतो, चांगले असते. त्याचे निर्माते योशितो उसुई २००९ साली डोंगरावरून पडून गेले. पुढे त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी काम सुरू ठेवले. शिनचॅन आजही पाचच वर्षांचा आहे व त्याची आई आजही ओरडते आहे. नातीला काहीही फरक पडलेला नाही. मग या गोष्टीतच आक्षेप का?

चंद्रकोर

काका, फरक आहे. शिनचॅनला शेवट नसतोच. रोज नवा खोडसाळपणा, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. तिथे सुटलेली दोरी दुसऱ्याने उचलली तरी चालतं. इथे माणसं मोठी होतात. शाळा, कॉलेज, लग्न, नोकरी, बाळ. कोतोको पहिल्या खंडात होती तशी विसाव्यात राहिलेली नाही. अशी गोष्ट कुठे जाऊन थांबणार याला महत्त्व असतं.

खरं तर तादांची कमाल मला इथेच वाटते. त्या काळच्या बहुतेक शोजो मांगा कबुलीपाशी किंवा फार तर लग्नापाशी संपायच्या. इथे लग्न अर्ध्या वाटेवरच उरकतं आणि गोष्ट तशीच पुढे चालत राहते. नवऱ्याला अजूनही प्रेम दाखवता येत नाही, बायको अजूनही परीक्षेत गचकते, आणि दोघं एका छपराखाली. मुलींच्या मासिकात हे दाखवणं त्या वेळी सोपं नव्हतं.

नाईट_ड्युटी

मी नर्स आहे, त्यामुळे मला उत्तरार्ध जास्त आवडतो, आणि त्यावर माझे आक्षेपही जास्त आहेत.

कोतोको नर्सिंगला जाते ते नवऱ्याच्या मागे मागे. नवरा डॉक्टर, म्हणून आपण नर्स. हे पहिल्यांदा बघताना मी चिडले होते. आमच्या बॅचमध्ये कोणी असं कारण सांगितलं असतं तर आमच्या ट्यूटरनी तिला दारातूनच परत पाठवलं असतं. शीर सापडत नाही, इंजेक्शन देताना हात थरथरतो, पेशंट घाबरून पळायच्या बेतात. हे विनोद म्हणून दाखवलंय, पण पहिल्या वर्षी आम्ही सगळ्या अशाच होतो हो. एकमेकींच्या दंडावर सराव करायचो आणि निळे डाग घेऊन मेसमध्ये जेवायला जायचो.

मग तो वर्षभरासाठी कोबेच्या हॉस्पिटलमध्ये जातो आणि ही मागे राहते, शिक्षण पुरं करायला. तिथे मला ती पटली. कारण आता पाठलाग करायला तो समोर नाहीये. पेशंट आहेत, वॉर्ड आहे, पुस्तकं आहेत. ज्याच्यासाठी आली तो निघून गेला तरी तिने काम सोडलं नाही. अ‍ॅनिमेत हे भराभर उरकलंय. मांगात सावकाश आहे, म्हणून सांगते, ज्यांना जमेल त्यांनी वाचाच. डिजिटल मांगा या प्रकाशकाने इंग्रजीत दोन-दोन खंड एकत्र करून काढली होती.

जाता जाता, तिच्या नर्सिंगच्या ग्रुपमधली मोतो-चान मला फार आवडते. नाओकीवर लट्टू असते आणि तरीही कोतोकोची पक्की मैत्रीण.

हिरवी_मिरची

नाईट_ड्युटी, तुझा प्रतिसाद आवडला. आता मला कोतोकोबद्दल आदर वाटायला लागलाय. नाओकीबद्दल नाही.

फुकट_सल्लागार

नवीन लोकांसाठी माझा फुकटचा सल्ला. या गोष्टीवर इतके देश तुटून पडलेत की कुठून सुरुवात करावी कळत नाही.

१९९६ ची पहिली जपानी मालिका, टीव्ही असाही वरची, ९ भाग, ताकाशी काशिवाबारा आणि आइको सातो. मांगा तेव्हा चालू होती, म्हणजे लेखिकेच्या हयातीत झालेली ही. लहान आहे, आणि नाओकी इतका कोरडा की पडदा पुसावासा वाटतो. २००५ ची तैवानची, एरियल लिन आणि जो चेंग. माझ्या मते सगळ्यांत चांगली. ऐसपैस आहे, माणसांना श्वास घ्यायला जागा आहे. लग्नानंतरचा भाग 'दे किस अगेन' नावाने वेगळा आला आणि त्यासाठी एरियल लिनला २००८ मध्ये गोल्डन बेल मिळालं, तिकडचा टीव्हीचा मोठा पुरस्कार. २०१० ची कोरियन 'प्लेफुल किस' इकडे सगळ्यांनी पाहिलेली असते, कारण किम ह्युन-जूंग. त्यात पत्राला नुसता नकार नाही, नाओकी (तिकडे बेक सुंग-जो) ते पत्र लाल पेनने तपासून मार्क देऊन परत करतो! कोरियात ती फारशी चालली नव्हती, बाहेर मात्र तुफान. शेवटी लग्नानंतरचे छोटे छोटे भाग युट्यूबवर टाकले त्यांनी. २०१३ ची जपानी, होनोका मिकी आणि युकी फुरुकावा. दिसायला सुंदर, मांगाच्या बरीच जवळ.

थायलंडने केली, चीन-तैवानने परत केली, सिनेमेही झाले. ते सोडून दिलेत तरी काही बिघडत नाही.

अ‍ॅनिमे कधी? तैवानच्या नंतर. एवढी मोठी गोष्ट २५ भागांत कोंबलीय, त्यामुळे माणसं आधीच ओळखीची असतील तर मजा येते. कोतोकोचा आवाज नाना मिझुकीचा आहे, त्यासाठी तरी बघा.

तळ्यात_मळ्यात

अ‍ॅनिमे म्हणजे कार्टून ना? प्रेमकथेचं कार्टून कशाला? माणसं आहेत ना अभिनय करायला.

(दिवे घ्या.)

निशिकासाईकर

@तळ्यात_मळ्यात, दिवे घेतले, पण उत्तरही देतो. मालिकेत नटी गोंधळली की गोंधळलेली दिसते. अ‍ॅनिमेत कोतोको गोंधळली की तिचे डोळे दोन ठिपके होतात, हातपाय काड्या होतात, आणि पुढच्याच क्षणी चेहरा परत रेखीव. शोजोच्या पानावर हे सर्रास चालतं. हाडामांसाच्या नटाने तसं केलं तर ओव्हरअ‍ॅक्टिंग म्हणाल.

बाकी टोकियोत बसून काही गोष्टी जोडतो. गुणांवरून 'ए' ते 'एफ' अशा तुकड्या हा काही मांगातला अतिरेक नाही, इथल्या काही शाळांत एकाच इयत्तेच्या तुकड्या हुशारीनुसार लावतात. निकालाचा क्रम भिंतीवर लागणं हेही जुन्या मंडळींनी पाहिलेलं. कोतोको पहिल्या शंभरात येण्यासाठी जिवाचं रान करते तो भाग माझ्या ऑफिसातल्या पन्नाशीच्या बाई अजून डोळे पुसत सांगतात.

आता मूळ प्रश्न. इथे चित्रकथा अर्ध्यावर राहणं ही नवलाई नाही. सुझुए मिउची यांची 'ग्लास मास्क' १९७६ मध्ये सुरू झाली, अजून संपलेली नाही. ४९ वा खंड २०१२ मध्ये आला, त्यानंतर वाट बघणं चालू. ज्या मुलींनी शाळेत असताना पहिला अंक घेतला त्या आता आज्या आहेत. आई याझावांची 'नाना' २००९ पासून आजारपणामुळे थांबलीये, २१ खंडांवर. आणि 'बर्सर्क'चं उदाहरण तर तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं. केंतारो मिउरा २०२१ मध्ये गेले. त्यांनी संपूर्ण शेवट फक्त एका जिवलग मित्राला, कोउजी मोरीला, सांगितला होता. तो स्वतः मांगाकार. २०२२ पासून मिउरांच्या स्टुडिओतली मुलं चित्रं काढतात आणि मोरी देखरेख करतो. मोरीने आधीच जाहीर केलं की मिउरा जे बोलला तेवढंच देईन, माझ्या पदरचं घालणार नाही.

मला ही भूमिका पटते. ज्याला माहीत आहे त्याने गप्प बसणं हाही वाचकावर अन्यायच.

गवती_चहा

निशिकासाईकर, बर्सर्कचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण बघा, तिथे निदान चित्रं काढणारे हात त्याच स्टुडिओतले आहेत, आणि माध्यमही तेच. तादांच्या बाबतीत मांगा तशीच अपुरी ठेवली आणि शेवट दुसऱ्याच माध्यमात केला. म्हणजे २३ वा खंड मिटला की आजही वाचकाच्या हातात काही नाही. शेवट हवा तर टीव्ही लावा.

रानमेवा

मग उलट तेच बरं नाही का? मांगाच्या पानाला कोणी हात लावला नाही. ज्याला तादांचंच हवं त्याने तेवढंच वाचावं. ज्याला बाळ बघायचंय त्याने अ‍ॅनिमे बघावी. मला बाळ बघायचं होतं. कोतोमी! आणि आजी झालेली नोरिको कॅमेरा घेऊन. मला अजून काही नको.

नाईट_ड्युटी

रानमेवा +१

हिरवी_मिरची

रानमेवा, तू या धाग्यावर नोरिकोची वकील म्हणून रुजू झालीयेस असं दिसतंय.

एक मात्र विचारते, किन्नोसुकेबद्दल कोणीच का बोलत नाही? बिचारा शाळेपासून तिच्यावर जीव टाकतो, तिच्या वडिलांच्या हॉटेलात स्वयंपाक शिकायला राहतो, बाजार, भांडी, सुऱ्या, सगळं. नाओकीचं त्या साहोकोशी जमवायला घेतात, कंपनीच्या भल्यासाठी, तेव्हा कोतोकोला लग्नाचं विचारतो तोही हाच. मला तेव्हा वाटलं होतं, हो म्हण बाई, पोटभर जेवशील आणि रोज हसशील.

चंद्रकोर

आणि त्याच संध्याकाळी पावसात नाओकी येतो :D

किन-चानला शेवटी क्रिस्टीन मिळते ना, इंग्लंडची. तिची त्याच्यामागे धाव आणि कोतोकोची नाओकीमागे धाव एकाच जातीची. जो सतत दुसऱ्याच्या मागे धावला त्याच्यामागे कोणीतरी धावलं, हे तादांनी फार मायेने केलंय. किन-चान ओसाकाच्या बोलीत बोलतो. तादाही ओसाकाच्याच. त्यामुळे या पात्रावर त्यांचा जरा जास्त जीव असावा असा माझा कयास.

मिलानोत_मुक्काम

ओसाका म्हटलं म्हणून तोंड घालतो.

मी इटलीत राहतो, आणि इथे काओरू तादा हे नाव फारसं कोणी घेत नसलं तरी त्यांची गोष्ट माझ्या वयाच्या प्रत्येक बाईला पाठ आहे. 'इताझुरा'च्या आधीची त्यांची मांगा 'आइशिते नाइट', ८० च्या दशकाच्या सुरुवातीची. तोएईने १९८३-८४ मध्ये त्यावर ४२ भागांची अ‍ॅनिमे केली. ओसाकातली मुलगी याक्को, वडिलांचं ओकोनोमियाकीचं (तव्यावरच्या जपानी धिरड्याचं) छोटं दुकान, आणि रॉक बँडचा गायक गो. त्याचा लहान भाऊ आणि एक लठ्ठ मांजर. इटालियन टीव्हीवर ती 'किस मी लिचिया' झाली आणि इतकी चालली की इटालियन लोकांनी खऱ्या नटांना घेऊन स्वतःच पुढचा भाग काढला! शीर्षकगीत म्हणणारी क्रिस्तिना दावेना हीच लिचिया, म्हणजे इटालियन याक्को, झाली. जपानी मांगातल्या माणसांची इटलीत चित्रित केलेली गोष्ट. केसांचे रंग कार्टूनमध्ये जसे होते तसे टोप घालून. आज बघितलं की हसून पुरेवाट होते, पण इथल्या चाळिशीच्या बायकांसमोर हसायचं नाही, सांगून ठेवतो.

म्हणजे तादा हयात असतानाच त्यांच्या गोष्टीला दुसऱ्यांनी पुढचे भाग जोडून झाले होते, आणि तेही आल्प्सच्या या बाजूला.

आजोबा_ऑनलाइन

हे फारच रंजक. मालिका पाहणार नाही म्हणालो होतो, पण मांजर लठ्ठ असेल तर नातीला दाखवीन.

निशिकासाईकर

मिलानोत, जबरदस्त माहिती. याक्कोचे वडील दुकानदार-स्वयंपाकी, कोतोकोचेही वडील स्वयंपाकी. दोघींनाही आई नाही, आणि बापलेकीचं नातं हे दोन्हीकडे नायकाइतकंच मोठं. कोतोकोचे वडील लग्नाला होकार देतात तेव्हा नाओकीला सांगतात की ही पोरगी मूर्ख आहे, काही येत नाही, पण... तो प्रसंग मी मुलीचा बाप झाल्यावर पुन्हा पाहिला आणि पहिल्यापेक्षा जड गेला.

इथे बुकऑफच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तादांचे खंड अजून मिळतात. कव्हर पिवळी पडलेली असतात.

हिरवी_मिरची

त्या बापाला तो नाओकी आवडला कसा हेच मला कळत नाही. पण बापाचा तो प्रसंग मीही रडले, कबूल.

तळ्यात_मळ्यात

धागा वाचून काल रात्री तैवानचे भाग लावले. बायको शेजारी येऊन बसली. तिने पहिल्या भागात विचारलं, "हा एवढा का खवचट?" मी म्हणालो, धाग्यावर यावर वाद चालू आहे. ती म्हणाली, "मला लिंक पाठव." सांभाळा, ती हिरवी_मिरचीच्या पक्षात येणार.

चंद्रकोर

अरे देवा. आम्ही नाओकीवाले अल्पसंख्य.

गवती_चहाच्या प्रश्नावर एकदा नीट लिहायचं राहिलंच. मी अ‍ॅनिमेचे शेवटचे भाग परत पाहिले. माझं म्हणणं असं की गडबड शेवटात नाहीये, वेगात आहे. तादा वर्षानुवर्षं महिन्याला एक प्रकरण लिहायच्या, वाचक त्यांच्यासोबत वयाने वाढले. अ‍ॅनिमेने उत्तरार्धातली वर्षं मोजक्या भागांत पळवली. कोतोको गरोदर, बाळ, पडदा. आपल्याला तिच्याबरोबर थकायला वेळच दिला नाही. तोच शेवट त्याच माणसांनी पन्नास भागांत केला असता तर तू हा धागा काढला नसतास.

आणि कल्पना नवऱ्याकडून आली हे मला उलट योग्यच वाटतं. घरातल्या माणसाला सांगितलेली गोष्ट आहे ती. एखाद्या संपादकाने वाचकांचं मत घेऊन ठरवली असती तर मी तुझ्या बाजूने भांडले असते.

गवती_चहा

चंद्रकोर, वेगाबद्दल बरोबर बोललीस. मी परवा मांगाचा शेवटचा खंड आणि अ‍ॅनिमेचा शेवटचा भाग लागोपाठ पाहिले, आणि मला नेमकं काय टोचतं ते सापडलं. मांगात कोतोको काही बोलते आणि नाओकी उत्तर देत नाही, तेव्हा तादा एक रिकामी चौकट ठेवतात. नुसती पाठमोरी खुर्ची, किंवा खिडकी. त्या चौकटीत आपण त्याचं उत्तर भरतो. अ‍ॅनिमेच्या शेवटात नाओकी सगळं बोलून दाखवतो. गोड बोलतो, छान बोलतो. पण माझा नाओकी एवढं बोलणारा नाही.

तेव्हा शेवट तादांचा असेल, मान्य. नाओकी मात्र दुसऱ्यांचा वाटतो.

हिरवी_मिरची

म्हणजे तो एकदाचा तोंड उघडून बोलला तर तेही चालत नाही तुम्हाला?! धन्य आहात.

नाईट_ड्युटी

मिरची :D

रानमेवा

मिरची, हा या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद.

निशिकासाईकर

गवती_चहा, रिकाम्या चौकटीबद्दल सहमत, पण एक बाजू अशीही: तेवढंसं बोललेलं ऐकायला कोतोको किती वर्षं थांबली होती? वाचकाला रिकामी चौकट आवडते. बायकोला नाही आवडत, हे अनुभवाने सांगतो.

आजोबा_ऑनलाइन

निशिकासाईकर, सहमत. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारानंतर सहमत.

फुकट_सल्लागार

धागा भरकटायच्या आत: मिलानोत_मुक्काम, त्या इटालियन लिचियाचा वेगळा धागा काढा बघू. टोपासहित फोटो हवेत. आणि गोच्या लहान भावाचं नाव काय होतं, हाशिझो ना?

मिलानोत_मुक्काम

हो, हाशिझो. इटलीत त्याचं 'आंद्रेआ' केलं. मांजराचं नाव ज्युलियानो, ते मात्र तसंच ठेवलं. रविवारी धागा काढतो, फोटो जमवायला दोन दिवस द्या.